लॉन ट्रॅक्टरच्या पुल्यांना नवी बेअरिंग: आठ महिने, ११० तास

नागपुरात 'लॉन' म्हटलं की लोकांना आधी लग्न आठवतं, गवत नंतर. काटोल रोडकडच्या अशाच एका लॉनची देखभाल मी बघतो. तीन एकर हिरवळ आणि ती कापायला बसून चालवायचा एक जुना लॉन ट्रॅक्टर, ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच), दोन पात्यांचा. मार्चमध्ये त्याच्या तीन आयडलर पुल्यांची (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या मोकळ्या चाकांची) आणि पात्यांच्या दोन्ही स्पिंडलची (पाती ज्यावर फिरतात त्या दांड्यांची) बेअरिंग बदलली. तेव्हापासून मीटरवर ११० तास वाढलेत. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा निघाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

सुरुवात आवाजानं झाली. कूलरची मोटर मे महिन्यात घरघरायला लागते तो आवाज इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तसाच. पाती जोडली की किंचाळणं आणि दहा मिनिटांत जळक्या रबराचा वास. मी बेल्टला दोष दिला, नवा बेल्ट टाकला. सहा आठवड्यांत तो एका कडेनं खाल्ला गेला. तेव्हा लक्षात आलं की पुलीच तिरकी फिरतेय आणि बेल्ट बिचारा तिच्या कडेवर घासतोय.

किल्ली काढली, प्लगची वायर काढली, बेल्ट उतरवला आणि एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. एक खरखरत होती, एक वरखाली हलत होती. तिसरी मात्र टिचकी मारली की भिंगरीसारखी फिरत राहायची, म्हणून ती मला सगळ्यात चांगली वाटली. ही चूक बरेच जण करतात. ग्रीस भरलेलं सीलबंद बेअरिंग थोडं जड फिरतं आणि लवकर थांबतं. भिंगरीसारखं फिरतं ते आतून कोरडं झालेलं असतं. सील उचकटून पाहिलं तर आत ग्रीसच्या जागी तपकिरी भुकटी होती.

पूर्ण पुली मागवायची तर एकीचा भाव २,४०० रुपये सांगितला, वर दीड महिना थांबा. म्हणून नुसती बेअरिंग बदलायचं ठरवलं. जुन्यावर ६२०३ हा नंबर होता. त्याचं आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. हे माप आपल्याकडे कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. घेताना नंबरापुढची अक्षरं नक्की बघा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. डेकवर काळ्या मातीची धूळ आणि ओल्या गवताचा लगदा सतत बसतो, तिथे पत्र्याचं झाकण टिकत नाही. टू-आरएसच घ्या. पहिल्या फेरीत मी एका दुकानातून स्वस्तातलं आणलं, डब्यावर नाव मोठं, पण बेअरिंगच्या कड्यावरचं अक्षर नखानं खरवडलं तर निघालं, म्हणजे माल नकली. ते परत केलं आणि जयपूरला बनणारं एनबीसी कंपनीचं घेतलं, १९० रुपयांना एक.

खरी अडचण पुढे होती. आपल्याकडचा माल मिलिमीटरमध्ये आणि हे ट्रॅक्टर अमेरिकन इंचांत. पुलीतून जाणारा बोल्ट ३/८ इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या जरा वर, आणि बेअरिंगचं भोक १७चं. मूळ पुलीत मधे एक बुश (फट भरणारी धातूची छोटी नळी) असतो, पण माझे दोन बुश बोल्टला गंजून चिकटले होते. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडून नवे करून घेतले. बाहेरून १७, आतून बोल्टच्या मापाचे. हा बुश बेअरिंगच्या जाडीपेक्षा किंचित लांब हवा, किंवा त्याला छोटी कॉलर हवी, म्हणजे बोल्ट आवळल्यावर फक्त आतलं कडं दाबलं जातं आणि बाहेरचं मोकळं फिरतं.

हे मी आधी नीट समजून घेतलं नाही. पहिली पुली बसवताना मोठा वॉशर लावला. तो सीलवर टेकला. अर्ध्या तासानं डेकवर हात नेला तर पुलीजवळ हात ठेववेना, आणि ग्रीस वितळून पट्ट्यावर ओघळलं होतं. नवं कोरं बेअरिंग गेलं. बेल्ट रॉकेलनं नव्हे, साबणाच्या पाण्यानं धुवावा लागला. वॉशर आतल्या कड्याएवढाच लहान हवा.

बेअरिंग ठोकायची पद्धतही काकांनीच दाखवली. मी हातोडी उचलली तसे म्हणाले, "अंदरच्या कड्यावर मारू नका जी भाऊ, गोळ्यांवर मार बसते अन् महिन्याभरात आवाज करते." पुलीत बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर बसवताना आतल्या. गोटी पान्याच्या संचातली बाहेरच्या कड्याएवढी गोटी ठेवली, व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. शेवटी 'टक' असा बदललेला आवाज येतो, तेव्हा थांबायचं. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं बेअरिंग आणि उन्हात तापलेली पुली, हा उपाय उन्हाळ्यात अगदी फुकट मिळतो.

दोन पुल्यांतून बेअरिंग दाबून निघालं. तिसरी पत्र्याच्या दोन बशा पाठीला पाठ लावून स्पॉट वेल्ड केलेली होती, बेअरिंग मधे कोंडलेलं. वेल्डचे ठिपके ड्रिलनं काढले, बेअरिंग बदललं आणि त्याच भोकांत सारख्या लांबीचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज ढिले न होणारे) लावून बंद केली. बोल्ट समोरासमोर हवेत, नाहीतर पुली थरथरते. ही जोडलेली पुली मला सगळ्यात जास्त धास्तीची वाटत होती. आठ महिने झाले, एकही नट ढिला झाला नाही.

उन्हाळ्यात पारा ४५च्या वर होता तेव्हा सकाळी सहालाच गवत कापायचो, पुल्या गरम व्हायच्या, पण हात ठेवता यायचा. पावसाळ्यात मात्र कस लागला. गवत वाढतं ते आषाढ-श्रावणात, तेव्हा लग्नं नसतात पण कापणी सारखी असते. आधी आमच्याकडे काम संपलं की प्रेशरच्या पाण्यानं डेक धुवायचे. जुनी बेअरिंग मारली ती याच पाण्यानं, याबद्दल मला शंका नाही, कारण धुण्याची सवय सोडल्यापासून गंजाचा एकही डाग सीलखाली दिसला नाही. आता लाकडी पट्टीनं लगदा खरवडतो, ब्रश मारतो, बस्स.

नवा बेल्ट जूनपासून तोच आहे, कडा शाबूत. पेट्रोलही कमी लागतं असं वाटतं, पण मोजलेलं नाही.

पुलीची खाच झिजून पत्रा धारदार झाला असेल किंवा बेअरिंगची बैठक सैल होऊन बेअरिंग बोटानं आत जात असेल, तर हा खटाटोप करू नका, पुलीच बदला. चिकट द्रव लावून बसवलेलं बेअरिंग मी एका ओळखीच्याकडे पाहिलं, पंधरा दिवसांत सुटलं.

गेल्या आठवड्यात उजव्या स्पिंडलमधून बारीक सळसळ ऐकू आली. वरच्या बेअरिंगचं सील एका जागी कापलं गेलंय, बहुधा गवतात गुंतलेल्या हाराच्या तारेनं. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे मांडव सुरू होतात, त्याआधी ती जोडी बदलून घेतो. दोन बेअरिंग आणून ठेवली आहेत.