नॅनोगॅप चिप: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने डोपामिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) आणि कॅटेकॉल (त्याच्याच जातीचा साधा रेणू) मोजायला मी नॅनोगॅप चिप, म्हणजे अगदी जवळजवळ दोन इलेक्ट्रोड असलेला छोटा सेन्सर, वापरतेय. सिग्नल, म्हणजे मोजला जाणारा विद्युतप्रवाह, वाढतो, भरपूर वाढतो. पण मला ही चिप आवडली ती दुसऱ्याच गुणासाठी: मिळालेला आकडा खरा की खोटा, हे ती तिथल्या तिथे दाखवते.

द्रवाने भरलेल्या अरुंद चॅनेलच्या वर एक इलेक्ट्रोड, खाली एक, आणि मध्ये सुमारे १०० नॅनोमीटर जागा. वरच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशनचं (इलेक्ट्रॉन काढून घेणारं) पोटेन्शियल, म्हणजे व्होल्टेज, लावायचं, खालच्यावर रिडक्शनचं (इलेक्ट्रॉन परत देणारं). रेणू वर इलेक्ट्रॉन देतो, खाली येऊन परत घेतो, पुन्हा वर जातो. फेरोसीनच्या (इलेक्ट्रॉन सहज देणारं-घेणारं लोहाचं संयुग) जातीचा रेणू एवढ्या अंतरात सेकंदाला साठ-सत्तर हजार फेऱ्या मारतो, म्हणजे एका रेणूमागे जवळपास १० फेम्टोअँपिअर, म्हणजे अतिसूक्ष्म, प्रवाह. साध्या इलेक्ट्रोडवर तोच रेणू एकदा इलेक्ट्रॉन देतो आणि निघून जातो. गॅप निम्मी केली की प्रत्येक रेणूचा प्रवाह चौपट होतो, मात्र आत मावणारे रेणूही निम्मे होतात, त्यामुळे एकूण सिग्नल दुप्पटच. चिप निवडताना हे धरून चाला.

आता तो गुण. दोन्ही इलेक्ट्रोडचे प्रवाह बायपोटेन्शिओस्टॅटवर (दोन्ही इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल वेगवेगळं सांभाळणारं यंत्र) एकाच वेळी बघा. सायकलिंग, म्हणजे रेणूंच्या या फेऱ्या, नीट चालू असेल तर एक जेवढा वर जातो तेवढाच दुसरा खाली, अगदी आरशातल्यासारखा. तफावत दिसली की समजावं, काहीतरी वेगळं घडतंय. मोजताना एका इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल हळूहळू बदलतात (स्वीप), दुसऱ्याचं स्थिर ठेवतात. वाचन मी नेहमी स्थिर पोटेन्शियलवरच्या इलेक्ट्रोडचं घेते, कारण स्वीपमुळे येणारा चार्जिंगचा (इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग भारित होण्याचा) प्रवाह त्यावर दिसत नाही.

निवडकपणाही (हवा तोच रेणू टिपणं) याच फेऱ्यांतून येतो. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (क जीवनसत्त्व) डोपामिनच्या आसपासच्या पोटेन्शियललाच ऑक्सिडाइज होतं आणि साध्या इलेक्ट्रोडवर सगळा सिग्नल झाकून टाकतं. पण ऑक्सिडेशननंतर त्याचं रूप मिलिसेकंदाच्या आत बदलतं आणि मग ते परत फिरू शकत नाही. कॅटेकॉल मात्र फिरतच राहतो. दोन्ही मिसळलेल्या द्रावणात कॅटेकॉलचा प्रवाह ठळक उठून दिसतो, तेव्हा फार समाधान वाटतं.

त्रास आहे तो अ‍ॅड्सॉर्प्शनचा, म्हणजे रेणू भिंतींना चिकटण्याचा, आणि तो कमी लेखू नका. इतक्या चिंचोळ्या जागेत द्रवाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ प्रचंड असतं. रेणू भिंतीला चिकटून बसले की फेऱ्यांतून बाद. शिवाय नवं द्रावण सोडलं की आधी भिंती भरतात, मगच प्रवाह स्थिरावतो, म्हणून घाईत घेतलेलं वाचन कमी येतं. डोपामिनचा थर हळूहळू प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर बसतोच. ०.५ मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये पोटेन्शियल वर-खाली फिरवलं की बराचसा जातो.

चिप कधीही कोरडी पडू देऊ नका. पाणी उडताना केशाकर्षणाने वरचा इलेक्ट्रोड खाली खेचला जातो आणि शॉर्ट होतो. चिप बनवताना चॅनेलच्या जागी भरलेला क्रोमियमचा थर अजून काढलेला नसेल तर चिप कितीही दिवस ठेवा; तो थर मोजायच्या अगदी आधी एच करा, म्हणजे रसायनाने विरघळवून काढा.

स्वच्छ बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) काम असेल तर बिनधास्त घ्या. प्रथिनांनी भरलेला नमुना मात्र थेट आत सोडू नका, आधी गाळून घ्या.