मुलांना घेऊन आल्प्सच्या हटमध्ये मुक्काम: पाच फेऱ्या, दहा रात्रींनंतर

आम्ही म्युनिकला राहतो. लेक नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. या वर्षी जानेवारीत आम्ही आल्पेनफेराइनचं, म्हणजे इथल्या गिर्यारोहण संघाचं, कुटुंबाचं सभासदत्व घेतलं आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाच वेळा डोंगरातल्या हटमध्ये राहून आलो. एकूण दहा रात्री. घेण्याआधी मी मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का ते शोधत होते, मिळाला नाही. म्हणून मोसम संपल्यावर सविस्तर लिहिते आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. मुलं बरोबर असतील तर हट हा वाटेतला मुक्काम समजू नका, हटलाच जायचं असतं. चालणं सकाळी, दुपारी एकच्या आत पोचायचं, आणि उरलेला दिवस तिथंच घालवायचा. जिथे आम्ही हे पाळलं तिथून परतायला मुलं तयार नव्हती. एकदाच मोडलं, तेव्हा रडारड झाली.

सह्याद्रीत वाढलेल्यांना हट म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं. मी कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या एका घरी ओसरीवर झोपायचो, चुलीवरचं पिठलं-भाकरी खायचो आणि पहाटे गड चढायचो. इथली हट म्हणजे तीच सोय, फक्त डोंगराच्या पोटात, दीड-दोन हजार मीटरवर, शिस्तीने बांधलेली. जर्मन संघ १८६९ साली म्युनिकमध्ये सुरू झाला, ऑस्ट्रियाचा त्याआधी १८६२ मध्ये. एकट्या जर्मन संघाच्या तीनशेहून जास्त हट आहेत, त्यातल्या कितीतरी ऑस्ट्रियात, आणि एका संघाचं कार्ड दुसऱ्याच्या हटवर चालतं. कार्ड नसलं तरी राहता येतं, पैसे जास्त पडतात. सभासद असलेल्या मोठ्या माणसाला रात्रीमागे किमान १० युरो कमी लागतात. मुलांचं सभासदत्व आमच्या कुटुंबाच्या फीमध्येच आलं. शिवाय डोंगरात शोध आणि सुटकेची वेळ आली तर २५,००० युरोपर्यंतच्या खर्चाचा विमा त्यात आहे. आम्हाला तो वापरावा लागला नाही, पण मुलं बरोबर असताना त्याचा मनाला आधार वाटतो.

सुरुवात आम्ही मुद्दाम सोपी केली. जूनमध्ये स्पिट्झिंगझे तलावाजवळची आल्बर्ट-लिंक-ह्युट्टे (ह्युट्टे म्हणजे जर्मनमध्ये हट). उंची जेमतेम हजार मीटर, तलावापासून अर्ध्या तासाची सपाट वाट. चालण्यासाठी तिथे जायचं नसतंच, रात्रीची सवय व्हावी म्हणून जायचं. बूट दारातल्या खोलीत काढायचे, आत सपाता घालायच्या, आपली पातळ झोपायची पिशवी पांघरुणाच्या आत घालायची, रात्री दहाला सामसूम. लागर, म्हणजे गादीला गादी लावून झोपायची मोठी खोली, मुलांनी पहिल्यांदा पाहिली आणि दोघं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळत गेली. ही एक रात्र वगळून कुणी थेट उंचावर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जुलैत कोबुर्गर ह्युट्टे. ऑस्ट्रियातल्या एअरवाल्ड गावाहून केबल कारने पंधराशे मीटरवर जायचं, मग जंगलातल्या रुंद रस्त्याने झेबेनझे तलाव. सकाळी वारा पडलेला असेल तर अख्खा त्सुगश्पिट्झ, म्हणजे जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर, पाण्यात उलटा दिसतो. तिथून शेवटची अडीचशे मीटरची उभी चढण, आणि १,९१७ मीटरवर हट, खाली ड्राखेनझे, म्हणजे ड्रॅगनचा तलाव. सहा वर्षांच्या मुलाला चढायला लावायचं असेल तर वर ड्रॅगनचा तलाव आहे एवढं सांगणं पुरतं. खालून होहर गांग नावाची थेट वाट येते, नकाशावर ती जवळची दिसते. ती उभी आणि घसरडी आहे, मुलांना घेऊन तिकडे जाऊ नका.

आम्ही तिथे दोन रात्री राहिलो आणि सगळ्यात मोठा धडा तिथेच मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. तलावाच्या काठी मुलांनी दगडांचं धरण बांधलं, फोडलं, पुन्हा बांधलं. संध्याकाळी जेवणघरात लेकीने आणखी तीन मुलांना भिकार-सावकार शिकवलं. नियम जर्मनमध्ये सांगताना ती अडखळली, पण खेळाचं नाव मराठीतच ठेवलं, आणि ती मुलं जेवणानंतर पुन्हा पुन्हा येऊन ‘सावकार’ मागत होती. घरी टीव्हीसमोरून न उठणारी ही मुलगी बाहेर कुणी ओळखीचं नसताना टेबलं जोडायला स्वतः उठली. माझ्या लेखी सभासदत्वाचे पैसे तिथेच वसूल झाले.

परततानाचा प्रसंगही सांगायला हवा, कारण तो कुणावरही येऊ शकतो. नवऱ्याचे चढणीचे बूट सात वर्षांपूर्वीचे, फार न वापरलेले, दिसायला नव्यासारखे. हटपासून अर्ध्या तासावर, उतरणीच्या मध्यावर उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि चपलेसारखा फटफट वाजायला लागला. दहा मिनिटांत डावाही. अशा तळव्यांच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं, बूट कपाटात पडून असले तरी. आम्ही प्रथमोपचाराची चिकटपट्टी बुटाभोवती गुंडाळली, वरून लेकीच्या जास्तीच्या नाड्या आवळल्या, आणि सपाट रस्ता सुरू होईपर्यंत नवरा एकेक पाऊल बघून टाकत उतरला. खडकाळ वाट असती तर अवघड होतं. जुने बूट असतील तर निघण्याआधी तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा, शिवणीपाशी भुगा पडतोय का ते पाहा. आता आमच्या सामानात चिकटपट्टी आणि चार प्लॅस्टिकचे बंद कायम असतात.

जुलैच्या शेवटी एका हटचा अनुभव वाईट आला. नाव लिहीत नाही. चार बिछान्यांची खोली ऑनलाइन घेतली होती, पोचल्यावर कळलं की ती दुसऱ्या गटाला दिली आहे, आम्ही वीस जणांच्या लागरमध्ये झोपायचं. तेही चाललं असतं. पण त्या दिवशी आम्ही उशिरा निघालो होतो, साडेपाचला पोचलो, धाकटा रडवेला झालेला, आणि काउंटरवरून आधी ऐकायला मिळालं की मुलं रात्री रडली तर बाहेर नेऊन गप्प करा. शाकाहारी म्हणून दिलेलं सूप मांसाच्या पाण्याचं निघालं. मला राग आला होता आणि तो राग मला अजूनही योग्य वाटतो. मात्र उशिरा पोचण्याचा भाग आमचाच होता, हेही खरं.

खाण्याबद्दल इथेच लिहिते, कारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांना हाच प्रश्न पहिला पडतो. उपाशी कुणी राहत नाही. चीज आणि कांदा घातलेले केझश्पेट्झले, फाडून साखर भुरभुरलेला जाड गोड धिरड्यासारखा कायझरश्मार्न, मोठा वाफवलेला गेर्मक्न्योडेल, एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. कास्प्रेसक्न्योडेल म्हणजे चीजचा तळलेला चपटा गोळा, तो छान असतो, पण नेहमी सुपात बुडवून देतात आणि ते सूप बहुधा गाईच्या मांसाचं असतं. सूप नको, सॅलडबरोबर द्या, असं सांगितलं की देतात. मुलांना श्कीवासर आवडतं, रास्पबेरी आणि लिंबाचं सरबत पाण्यात घातलेलं. सभासदांना आपली शिदोरी खायची मुभा आहे आणि चहाचं गरम पाणी विकत मिळतं. आमच्याकडे दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू असायचे. चढणीवर लाडवाइतकं काहीच कामाला येत नाही. काही हटवर अजून फक्त रोख पैसे चालतात, हे लक्षात ठेवा. हटचं सामान दोरीच्या पाळण्याने किंवा हेलिकॉप्टरने वर येतं, त्यामुळे पाण्याची बाटलीसुद्धा महाग वाटेल. कचरा आपला आपण खाली आणायचा.

ऑगस्टमधली कार्वेंडेल डोंगररांगेतली चार रात्रींची फेरी ही सगळ्यात मोठी. लोक साधारणपणे शार्निट्झ गावाहून निघतात, पण तिथून कार्वेंडेलहाउस या पहिल्या हटपर्यंत सुमारे १८ किलोमीटर आहे, सहा वर्षांच्या मुलाला तो दिवस नको. आम्ही लेंगग्रीसपर्यंत रेल्वेने आणि पुढे डोंगर-बसने एंगला गेलो. तिथे ग्रोसर आहोर्नबोडेन म्हणजे शेकडो वर्षांच्या मॅपलच्या झाडांचं सपाट कुरण आहे, तिथेच मुलांनी पहिला तास काढला. मग होलयोखच्या खिंडीवरून फाल्केनह्युट्टे, १,८४८ मीटर.

वाटेवरच्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळेचं गणित समजून घ्या. इथे ताशी ३०० मीटर चढ आणि ४ किलोमीटर अंतर धरतात, दोन्हींच्या वेगवेगळ्या वेळा काढून छोटीचं अर्ध मोठीत मिळवतात. म्हणजे ६०० मीटर चढाचे दोन तास, ४ किलोमीटरचा एक, मिळून अडीच. हे चालत्या मोठ्या माणसाचं. आमच्या धाकट्यासाठी मी त्याला पावणेदोनाने गुणते, वर अर्धा तास खाण्याचा. पाचही फेऱ्यांत हा हिशेब वीस मिनिटांपलीकडे चुकला नाही. पाठीवर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. धाकट्याकडे पाणी, जॅकेट, डोक्याची टॉर्च आणि त्याचा कापडी ससा, बस्स.

फाल्केनह्युट्टेच्या समोर लालिडररवँडे नावाची आठ-नऊशे मीटरची खडकाची सरळ भिंत आहे. आम्ही पाऊणला पोचलो. तीन वाजता त्या भिंतीवर ढग उतरले आणि विजा सुरू झाल्या. उन्हाळ्यात इथे दुपारनंतर असं वारंवार होतं. आम्ही आत खिडकीशी बसलो होतो. पाचच्या सुमारास एक गट चिंब भिजून आत आला, त्यातल्या एका मुलीचे ओठ निळे पडले होते. हटवाल्या बाईंनी काही न विचारता तिला भट्टीजवळच्या बाकावर बसवलं आणि माझ्या लेकीने स्वतःचे कोरडे मोजे नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबला होता. हटच्या मागच्या ओल्या वाटेवर धाकटा एकदम खाली बसला. चकचकीत काळा, बोटाएवढा आल्पाइन सॅलमँडर. मग आणखी एक, मग सात. पाऊल इतकं सावकाश उचलायचा की बोटं एकेक करून दगडावरून सुटताना दिसायची. हा प्राणी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. त्वचेतून विषारी स्राव सोडतो म्हणून हात लावायचा नाही, हे आधीच सांगितलेलं होतं, आणि धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे धरून तासभर पाहिलं. त्या दिवशीचा आमचा सगळा प्रवास म्हणजे दोनशे मीटर.

पुढे एंगला उतरून बिन्सआल्मवर एक रात्र काढली. ते संघाचं नाही, सवलत नाही, पण एका दिवसात खाली उतरून पुन्हा साडेसातशे मीटर चढणं टळतं. तिथून लाम्सनयोखह्युट्टे, १,९५३ मीटर, आणि शेवटच्या दिवशी घसरड्या खडीतून ग्रामाईकडे उतार. या उतारावर मी धाकट्याचा हात एकदाही सोडला नाही. चरणाऱ्या गाईंजवळ वासरं असतील तर लांबून वळसा घाला, हे या टप्प्यात दोनदा करावं लागलं.

सामानातलं काय टिकलं? रेशमी झोपायच्या पिशव्या उत्तम, कपड्यात गुंडाळल्या की मुठीएवढ्या. कानात घालायचे बोळे मोठ्यांसाठी हवेतच, मुलं मात्र कुणाच्याही घोरण्याने जागी झाली नाहीत. मुलांचे पाऊस-पँट आम्ही स्वस्तातले घेतले होते, ते दोन फेऱ्यांत गुडघ्यावर फाटले. तिथे पैसे वाचवू नका. मोजे प्रत्येकी एक जोड जास्त.

जागा मिळणं सोपं नाही, हे कबूल करायला हवं. ऑगस्टच्या शनिवारच्या छोट्या खोल्या वसंतातच संपतात आणि आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे जातात. आम्ही रविवार ते गुरुवार जातो. संघांची ‘मुलांसह हटवर’ नावाची निवडक यादी असते, त्यातून सुरुवात करा. भारतातून सुट्टीसाठी येणाऱ्यांनी मेचा विचार करू नये, उंचावरच्या हट बहुधा जूनच्या मध्यानंतर उघडतात.

सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हा कोबुर्गरला गेलो. ड्राखेनझेच्या काठी जुलैतलं धरण नव्हतं, दोघांनी त्याच जागी नवं घातलं. प्रत्येक हटचा शिक्का मारलेली छोटी वही धाकट्याकडे आहे, तिच्यात तो तारीख स्वतः मराठी आकड्यांत लिहितो.

लेकीला पुढच्या वर्षी शार्निट्झचे ते १८ किलोमीटर चालायचे आहेत. नवरा आणि ती त्या बाजूने कार्वेंडेलहाउसला राहून येतील, मी आणि धाकटा एंगकडून चढू. फाल्केनह्युट्टेत दुपारी एकला भेटायचं ठरलं आहे.