वाचक व्हावं की गायकवृंदात बसावं?

१९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद या कॅथलिक धर्मप्रांतात मोठी गावं कमी, वाड्या-वस्त्या जास्त. त्यामुळे रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सेवा देणारी माणसं नेहमीच हवी असतात. नवीन माणसापुढे बहुधा दोन वाटा असतात.

गायकवृंदात पेटी, ढोलकी आणि सोबतीला चार गळे. भजनाचा कान आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून सुरुवात सोपी जाते. पण आठवड्यातून एकदा तरी सराव लागतोच. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कोण येणार? उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष गात नाहीत आणि वाद्यंही फक्त गाण्याला आधारापुरती वाजवायची, हेही शिकावं लागतं.

वाचकाचं काम वरवर लहान वाटतं. बायबलमधलं पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा भाग, मात्र फादर किंवा डीकनच (फादरच्या खालोखालचे दीक्षित सेवक) वाचतात. खरी मेहनत घरी होते. यशया किंवा पौलाच्या पत्रातली लांबलचक वाक्यं आधी मोठ्यानं वाचायची, कुठे थांबायचं ते ठरवायचं. समोरच्या बाकावरच्या आजीला अक्षर येत नसेल, तर तिच्यापर्यंत देवाचा शब्द त्या वाचकाच्याच तोंडून पोचतो. म्हणून मला ही सेवा फार मोलाची वाटते. २०२१ पासून वाचकाची अधिकृत नेमणूक स्त्रियांनाही खुली आहे. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी वाचन निवडावं. परतल्यावर तयारी करून लगेच पुन्हा उभं राहता येतं. सुरांची ओढ असेल आणि सरावाला वेळ असेल, तर मात्र गायकवृंदच.