नऊ महिन्यांचा अनुभव: नोंदी वाचणाऱ्या एजंटला टूलची ओळख नीट करून देताना

बडोदा संस्थानातल्या शिक्षणावर मी बरीच वर्षं टिपणं काढते आहे. आता ती सगळी ऑब्सिडियन या टिपणांच्या अॅपमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या साध्या मार्कडाउन फायलींत आहेत. संख्या दोन हजारांवर गेली आहे. गेले नऊ महिने एक एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलवर चालणारा आणि सांगितलेलं काम स्वतः पायरीपायरीने करणारा प्रोग्राम, ती वाचतो. त्यासाठी भाच्याने एमसीपी सर्व्हर लिहून दिला. एमसीपी हा अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला प्रोटोकॉल आहे, म्हणजे मॉडेलला बाहेरच्या फायली आणि प्रोग्राम जोडण्याची ठरलेली पद्धत. टूल, म्हणजे एजंट सर्व्हरकडून करून घेऊ शकतो अशी कामं, पाचच आहेत: शोधणे, वाचणे, वर्षाने गाळणे, लिहिणे, भर घालणे.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. मी एजंटला दोष देत होते, मॉडेल बदलून पाहत होते. मग भाच्याने एक गोष्ट दाखवली. टूलच्या आत काय चालतं ते मॉडेलला दिसतच नाही. त्याला टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा एवढंच मिळतं. आमच्या शोध-टूलचं वर्णन होतं, ‘नोंदी शोधते.’ बस्स.

शोध अक्षरं जुळवून चालतो. एजंट ‘बडोदे’ शोधायचा आणि माझ्या निम्म्या नोंदींत ‘बडोद्यात’, ‘बडोद्याच्या’ असं लिहिलेलं. त्या सापडायच्याच नाहीत. सामान्यरूप होणाऱ्या प्रत्येक शब्दाची हीच गत. शिवाय गुजराती कागदांवरून घेतलेल्या टिपणांत ‘वडोदरा’. आता वर्णनात लिहिलं आहे: ‘अक्षरं जशीच्या तशी जुळवते. विभक्ती ओळखत नाही. शब्दाचा न बदलणारा भाग द्या, उदा. बडोद. वडोदरा वेगळं शोधा. एका वेळी वीसच नोंदी देते.’ हे शेवटचं वाक्य आधी नसणं मला सगळ्यात महाग पडलं होतं. पंचावन्न नोंदींपैकी वीस पाहून एजंट ‘एवढंच आहे’ असं खात्रीने सांगायचा आणि मी ते खरं मानायचे.

वर्षाचं प्रकरण याहून खोल. माझ्या टिपणांत कुठे शके, कुठे संवत, कुठे इसवी सन. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. अमरेलीच्या एका टिपणात ‘संवत १९४९’ होतं. एजंटने तोच आकडा उचलून टूलला दिला आणि परत आली ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या स्थापनेची नोंद, कारण ते विद्यापीठ इसवी सन १९४९ चं! आता त्या रकान्याचं नाव ‘वर्ष’ नसून ‘इसवी_सन’ आहे. वर्णनात म्हटलं आहे: ‘शक असेल तर ७८ मिळवा. संवत गुजराती, कार्तिकात सुरू होणारा आहे. दिवाळीनंतर ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं पाहा.’ शकालाही पौषाच्या सुमारास एकाचा फरक पडतो, तेही जोडलं. त्यानंतर अशी गल्लत माझ्या नजरेस आलेली नाही.

सगळ्यात उपयोगी सल्ला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीकडून मिळाला. तिने ग्रंथालयात आयुष्य घालवलं. या शहरात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, त्याचा तिला अजून अभिमान आहे. माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, “अगं, कार्डावर आम्ही ‘पाहा’ लिहायचो. इथे नाही मिळालं तर कुठे जायचं ते वाचकाला सांगायला नको का?” तेव्हापासून प्रत्येक वर्णनाच्या शेवटी ‘पाहा’ची एक ओळ असते. रिकाम्या उत्तरातही असते: ‘काही सापडलं नाही. शब्द आखूड करून पाहा किंवा वर्षाने गाळा.’ एजंट आता एका अपयशावर थांबत नाही, दुसरी वाट धरतो.

लिहिण्याच्या टूलमुळे एकदा आठवडाभराचं काम पुसलं गेलं. ‘नोंदीत मजकूर लिहिते’ एवढंच वर्णन होतं. एजंटने एक ओळ जोडायला म्हणून ते वापरलं आणि जुना मजकूर गेला. फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये प्रत होती म्हणून वाचले. आता पहिलंच वाक्य आहे, ‘आधीचा सगळा मजकूर पुसून नवा लिहिते. भर घालायला दुसरं टूल आहे.’ एमसीपीत टूलवर ‘फक्त वाचन’ किंवा ‘विनाशक’ अशी खूण करता येते, पण ती सूचना असते, कुलूप नव्हे. मूळ टिपणांच्या फोल्डरला मी सर्व्हरमध्येच लिहिण्याची बंदी घातली.

वर्णनं मराठीत लिहिली तरी चालतात, मी तशीच ठेवली आहेत. देवनागरीला टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्यांत तोडून वाचतं ते तुकडे, जास्त लागतात आणि ही वर्णनं साधारणपणे प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातात, म्हणून लांबण लावत नाही. मध्यंतरी उत्साहाने एकेक वर्णन पानभर केलं होतं. त्यात वीस नोंदींची मर्यादा कुठेतरी दडली आणि एजंट पुन्हा चुकू लागला. आता मर्यादा वर, उदाहरण एकच, शेवटी ‘पाहा’. मोडीतून उतरवलेल्या टिपणांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहे, तिथे शोध अजून अडतो. पुढचं काम तेच.