खुर्चीखालचा हादरा: घरच्या विमानाला लावलेला बेस शेकर

तीस वर्षं बस चालवली. टायर बसायला लागला की कानाआधी बुडाला कळायचं. मागच्या पाट्याचं एक पान तुटलंय, एक सिलिंडर मिसिंग मारतोय, सगळी खबर सीटमधून वर यायची. निवृत्त झाल्यावर मुलीने कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, बसवून दिला, वर योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग आणि पेडल. चित्र बघून पहिले चार दिवस मी तोंड उघडं ठेवूनच बसलो होतो. ढगांची सावली शेतावरून सरकताना दिसते, अजून काय पाहिजे? तरी काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडेना. मग एकदा सेस्ना १७२ हे छोटं विमान धावपट्टीवर पळवत होतो. वेग ५५ नॉटवर, म्हणजे ताशी शंभरेक किलोमीटरवर आला, योक ओढलं, आणि चाकं जमिनीवरून कधी सुटली ते मला समजलंच नाही. उंचीचा काटा हलला तेव्हा कळलं. डोळे विमानात होते, बूड मात्र घरीच.

म्हणून हा बेस शेकर घेतला. स्पीकरच म्हणा, पण पडदा नसलेला. आत स्प्रिंगवर वजनदार चुंबक बसवलेलं असतं, ते खालीवर हलतं आणि हवेऐवजी ज्याला स्क्रूने आवळाल ते लाकूड हलवतं. माझा ५० वॅटचा, ४ ओहमचा, तळहाताएवढा. अँप्लिफायर वेगळा घ्यावा लागतो आणि हे खोक्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय. सोबतचे स्क्रू इतके आखूड की पातळ फळीतच शोभावेत. माहितीपत्रकावर सोफ्यावर बसून हसणाऱ्या माणसाचा फोटो आहे, वायर कुठली कुठे लावायची त्याचा नकाशा नाही. कंपनीला पत्र पाठवलं, उत्तरादाखल तोच फोटो आला.

पहिली चूक माझी. चाकांच्या, गादीवाल्या ऑफिसच्या खुर्चीला तो बांधला. फोमने अर्धा हादरा गिळला, उरलेला चाकांतून फरशीत गेला. शेजारच्या खोलीतून आवाज, "अहो, कपाटातली भांडी वाजतायत!" मग जुनी लाकडी खुर्ची काढली, बैठकीखाली १८ मिलिमीटरचा प्लाय ठोकला, शेकर त्याला नटबोल्टने आवळला आणि चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे दिले. भांडी गप्प झाली. घेणाऱ्याने हे रबराचं काम आधी करावं, बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक म्हणजे खेळाचा सगळा आवाज शेकरला दिला. कंट्रोल टॉवरवाला खर्जात बोलला की माझी मांडी थरथरायची. फक्त खर्ज पुढे सोडणारा फिल्टर लावून थोडं कमी झालं, पण मोठ्या माणसाचा आवाज बराच खाली उतरतो, थोडा झिरपतोच. शेवटी छोटं यूएसबी साउंड कार्ड वेगळं घेतलं आणि सिमहब नावाचा प्रोग्रॅम टाकला. तो आवाज ऐकतच नाही. विमानाच्या इंजिनाचे फेरे किती, चाकं जमिनीवर आहेत का, पंखांमागच्या झडपा म्हणजे फ्लॅप किती खाली, हे आकडे थेट सिम्युलेटरकडून घेतो आणि त्यावरून हादरा तयार करतो.

इथून खरी मजा. १७२चं इंजिन चार सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. मिनिटाला २३०० फेरे म्हणजे सेकंदाला ३८च्या आसपास, आणि एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात म्हणून ठिणग्यांचे ठोके ७६-७७. दोन्ही आकडे शेकरच्या टप्प्यात बसतात. पण माझा शेकर ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० हादऱ्यांच्या जवळपास नुसता उधळतो. नेमक्या क्रूझच्या, म्हणजे वर सरळ उडतानाच्या फेऱ्यांना खुर्ची अशी कापायची की दात वाजावेत. पहिला आठवडा मी तेच खरं विमान समजून अभिमानाने बसलो. आठव्या दिवशी पाठ धरली आणि अक्कल आली. बसमध्ये जे इंजिन असं हादरायचं ते आम्ही डेपोत परत न्यायचो! आता इंजिनाचा हादरा पाचातला एक ठेवलाय. लक्ष दिलं तर जाणवतो, नाही तर विसरायला होतं. एक गोष्ट मात्र मुद्दाम मोठी ठेवली. इंधन कमीजास्त करणारी मिक्श्चरची दांडी ओढून इंजिन बंद करताना फेरे घसरत जातात आणि पंखा थांबण्याआधी खुर्ची एकदा अंग झाडते. जुनी डिझेल बस बंद करताना अगदी तसंच व्हायचं.

आता त्या उड्डाणाच्या दुखण्याचं. मोठ्या धावपट्ट्यांच्या मधोमध जमिनीत दिवे बसवलेले असतात, पुष्कळ ठिकाणी १५ मीटरवर एक. पुढचं चाक त्या रांगेवरून गेलं की ठक्, ठक् लागतं. ६० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३१ मीटर, म्हणजे सेकंदाला दोन ठोके. मुलीने सिमहबमध्ये तेवढं सूत्र लिहून दिलं: चाकं जमिनीवर असतील तर वेगाच्या हिशेबात ठोका, नसतील तर काही नाही. छोट्या विमानतळावर असे दिवे नसतात हे मला माहीत आहे, तरी मी सगळीकडे चालू ठेवतो. ठोके जवळजवळ येत जातात, योक ओढतो, आणि एकदम बैठक गप्प. काट्याकडे बघावं लागत नाही.

याची मर्यादाही सांगतो, नाहीतर कोणी भलत्या आशेने घेईल. हा हलवतो, ढकलत नाही. वळणात अंग दबणं, ब्रेक मारल्यावर पुढे जाणं, यातलं काही मिळणार नाही. त्यासाठी एअरलाइनच्या पायलटांचे सहा पायांवरचे सिम्युलेटर. तेसुद्धा वेग वाढल्याचा भास द्यायला अख्खी केबिन मागे कलंडवतात आणि गुरुत्वाकर्षणाला कामाला लावतात. एडविन लिंक यांनी १९२९ साली केलेल्या ट्रेनरला तर बाहेरचं दृश्यच नव्हतं. वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून त्यांनी बंद डबा कलता केला, आणि त्यात बसून पायलट नुसत्या काट्यांवर उडायला शिकले. चित्राच्या मागे लागणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

चित्रावरून आठवलं, पैसे न लागणारी एक दुरुस्ती आहे. माझा पडदा ६० सेंटिमीटर रुंद आणि डोळ्यांपासून तेवढाच लांब, म्हणजे खऱ्या खिडकीतून जेमतेम ५३ अंश दिसेल. सिम्युलेटर त्याहून बरंच जास्त कोंबून दाखवत होता, म्हणून धावपट्टी नेहमी दूर आणि बारकी वाटायची. झूम वाढवला आणि उतरताना माझं आपटणं निम्म्यावर आलं. बाजूचं कमी दिसतं, त्याला मान वळवायचं बटण आहे.

शेकरला पाचपैकी चार. अर्धा गुण आखूड स्क्रूंचा कापला, अर्धा त्या फोटोचा. गादीची खुर्ची सोडायची नसेल तर घेऊ नका. आणि पहिल्या दिवशी अँपची कळ शून्यावर ठेवून मगच चालू करा. मी तसं केलं नव्हतं, चष्मा टेबलाखाली सापडला.