पोत्यापासून पाकिटापर्यंत कॉफीचा माग: कोबो टूलबॉक्स आणि क्यूआर टॅग, एका हंगामाच्या वापरानंतर

पुण्यातल्या रोस्टरीत, म्हणजे कॉफी भाजण्याच्या जागी, हिरवी (न भाजलेली) बी येते ती पोत्यावरच्या लॉट नंबरासह. त्या नंबरामागे नेमकं कुणाचं फळ आहे हे कळावं म्हणून कोबो टूलबॉक्स या फोनवर माहिती गोळा करायच्या ॲपचा फॉर्म, क्यूआर टॅग आणि एक एक्सेल शीट असा संच हंगामभर वापरला. माल आंध्र-ओडिशा सीमेवरच्या अराकू-कोरापुटकडच्या एकर-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांचा. ॲपने फारसा त्रास दिला नाही. माग तुटतो तो वजनकाट्यावर आणि वाळवणाच्या ओट्यावर.

फॉर्म रेंज नसतानाही भरता येतो, रेंज आली की पाठवायचा. शेतकऱ्याचं नाव मात्र टाइप करायला लावू नका. एकाच पाड्यावर एकाच नावाचे तिघं असतात आणि रोमन लिपीत प्रत्येक जण स्पेलिंग वेगळं करतो. शेतकऱ्यांच्या सभासद क्रमांकांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) जोडा. क्रमांक निवडला की नाव आपोआप येतं. नवा सभासद यादीत घातला तरी फोनवर फॉर्म अद्ययावत होईपर्यंत दिसत नाही, म्हणून ‘यादीत नाही’ हा पर्याय हवाच. नाहीतर तोलणारा शेजाऱ्याच्या क्रमांकावर माल चढवून मोकळा होतो.

युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमात 4 हेक्टरपर्यंतच्या प्लॉटचं ठिकाण दाखवायला एकच बिंदू चालतो, अक्षांश-रेखांश दशांशानंतर 6 अंकी. तरी फोन घेऊन हद्द चालून नोंदवून घ्या. एकर चौकोनी धरला तर बाजू जेमतेम 64 मीटर. सिल्व्हर ओकच्या दाट सावलीत जीपीएस 10 मीटर सरकलं की शेजाऱ्याच्या पाच रांगा आपल्या नकाशात येतात. प्रत्येक कोपऱ्यावर अचूकता 5 मीटरवर येईपर्यंत थांबायचं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

टॅगमध्ये काटकसर नको. साधा थर्मल कागद ओट्यावरच्या उन्हात काळा पडतो. पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) टॅग आणि रेझिन रिबनची छपाई टिकते; पुण्यातून छापून पाठवणं सोयीचं. क्यूआरमध्ये फक्त छोटा लॉट कोड ठेवा, लांबलचक लिंक घातली की चौकोन बारीक होतात आणि चिखल लागला की स्कॅन होत नाहीत. खाली तोच कोड ठळक अंकांत हवा.

आता खरी गोम. शेतकरी 30-40 किलो फळ आणतो, पल्परला, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्राला, त्याहून मोठा घाणा लागतो. म्हणजे मिसळ होणारच. त्यामुळे लॉट शेतकऱ्याचा न धरता त्या दिवसाच्या गटाचा धरा आणि घाण्यात कुणाचे किती किलो ते नोंदवा. ‘एकाच शेतकऱ्याची कॉफी’ असं पाकिटावर छापायचं असेल तर पल्परपासून ओट्यापर्यंत सगळं वेगळं ठेवावं लागतं, आणि त्याची मजुरी वेगळी.

या संचातली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे एक्सेलमधला वजनाचा ताळा. ओल्या पद्धतीत (साल काढून, धुऊन वाळवताना) 600 किलो फळाचं साधारण 120 किलो सुकं पार्चमेंट (पातळ कवचासकटची बी), त्यातून 95-100 किलो हिरवी बी आणि भाजल्यावर 80-85 किलो. शंभरच्या जागी 115 आली तर दुसऱ्याचा माल घुसलाय किंवा वाळवण अर्धवट आहे. आधी ओलावा मोजा, मग भांडा. पुण्याच्या पावसाळ्यात नुसत्या तागाच्या पोत्यातली बी 11 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेली तर 60 किलोचं पोतं सव्वा-दीड किलोने जड होतं. म्हणून पोतं उतरवतानाच वजन आणि ओलावा दोन्ही नोंदवायचे आणि आत हवाबंद अस्तर मागायचं.

ब्लॉकचेनवाल्या महागड्या ॲपांचा मोह टाळा. चुकीचं वजन तिथे चढलं तर ते कायमचं चुकीचं राहतं, एवढाच फरक.

पाकिटावरचा क्यूआर स्कॅन केल्यावर गट, तोडणीचा आठवडा, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख दिसली की गिऱ्हाईकाला पुरे. शेताचे अक्षांश-रेखांश आणि शेतकऱ्याचा फोन नंबर त्या पानावर अजिबात टाकू नका. ते खरेदीदाराच्या फाइलीत राहू देत.