सीटी स्कॅनचा अहवाल आणि तो उलगडून सांगणारी ओपीडी

मुतखड्याच्या संशयावरून वडिलांच्या पोटाचा सीटी स्कॅन आमच्या भागातील एका खासगी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये केला. वेळ पाळली गेली, कर्मचारी अदबीने वागले. तक्रार आहे ती अहवालाची. रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये खडा लहान असल्याचे लिहून शेवटी ‘मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस’ (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातील चरबीची सूज) एवढे दोन शब्द टाकले होते. या विकाराचे वर्णन 1924 पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. पण सेंटरला फोन केल्यावर ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही आणि घरात रात्रभर कोणाला झोप लागली नाही.

त्यानंतर ज्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांची ओपीडी मात्र मनापासून सुचवावी अशी आहे. अहवालाचा कागद बाजूला ठेवून त्यांनी सीडी मागितली आणि स्कॅन पडद्यावर उघडून दाखवला. आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या, त्यांच्या रक्तवाहिन्या वाहून नेणाऱ्या पडद्याला मेसेंटरी म्हणतात. त्यातल्या चरबीला सूज आली, की एरवी काळी दिसणारी ती चरबी धुरकट दिसते, पण रक्तवाहिन्यांभोवती निरोगी चरबीचे काळे कडे बऱ्याचदा शिल्लक राहते. वडिलांच्या स्कॅनमध्ये ते कडे आम्हालाही ओळखता आले! असाच धुरकटपणा लिम्फोमामध्ये (लसीकाग्रंथींशी संबंधित कर्करोगात) किंवा स्वादुपिंडाच्या सुजेतही दिसू शकतो, म्हणून त्यांनी लसीकाग्रंथींचा आकार मोजला आणि वजन, ताप, पूर्वीची शस्त्रक्रिया यांविषयी सविस्तर विचारले. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत हा विकार अधिक आढळतो आणि बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने सापडतो. त्रास नसेल तर औषध लागत नाही. सतत पोटदुखी किंवा आतड्यात अडथळा असेल तर स्टिरॉइड, कधी त्याच्या जोडीला टॅमॉक्सिफेन देतात. (स्तनांच्या कर्करोगाचे औषध म्हणून परिचित असलेले हे नाव ऐकून आई दचकली, तेव्हा तिलाही त्यांनी शांतपणे समजावले.) वडिलांना त्यांनी एकही गोळी लिहून दिली नाही. एक ग्रंथी किंचित मोठी वाटल्याने सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करण्यास सांगितले.

अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास ताटकळावे लागले, हा या ओपीडीचा दोष आहेच. परंतु आत गेल्यावर कोणतीही घाई जाणवली नाही, त्यामुळे तपासणी शुल्क मला रास्त वाटले. स्कॅन सेंटर सीडी आपणहून देत नाही, ती मागून घ्यावी लागते. त्याच दिवशी मागितल्यास दुसरा हेलपाटा वाचतो.